सायकल दिली, आता रस्ता द्या

प्रति,
माननीय आयुक्त, वडोदरा महानगरपालिका,
खंडेराव मार्केट, बडोदे
प्रत : माननीय पोलीस आयुक्त, वडोदरा शहर



गुजरात सरकार सरस्वती साधना योजनेतून नववीत प्रवेश घेणाऱ्या पात्र मुलींना सायकल देते. शाळेच्या पटांगणात नव्याकोऱ्या सायकली ओळीने उभ्या राहतात, सीटवरचे प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेले नसते. पाहुणे येतात, भाषणे होतात, फोटो निघतो. मग मुलगी सायकल हातात धरून फाटकाबाहेर येते. हे पत्र फाटकाबाहेरच्या रस्त्याबद्दल आहे. तो रस्ता आपल्या अखत्यारीत येतो, म्हणून ते आपल्या नावे.

मुलीच्या हाती सायकल आली की काय घडते, ते बिहारने दाखवून दिले आहे. तिथे २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. शाळा जितकी लांब, तितका हा फरक मोठा होता. बडोद्याला शिक्षणाचे महत्त्व कुणी सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलींनाही केले. त्याच महाराजांच्या राजवाड्यात पाहुण्यांना पोपटांचे खेळ दाखवले जात आणि ते पोपट चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवत. सायकलीचे कौतुक या शहराला शंभर वर्षांहून जुने आहे. शाळेची सक्ती ज्या राजधानीत झाली, त्या शहरात शाळेची वाट सुरक्षित असावी, ही मागणी फार मोठी नाही.

आज ती वाट सुरक्षित नाही हे पालकांना ठाऊक आहे, आणि त्यावरचा त्यांचा उपाय शहराला आणखी धोक्यात घालतो. सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत पेट्रोलवरचे कोणतेच वाहन चालवायला कायद्याची मुभा नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. तरीही संध्याकाळी कुठल्याही ट्यूशन क्लासबाहेर पाहावे, नववी-दहावीच्या मुलांच्या मोपेड दाटीवाटीने लावलेल्या असतात. आईबापांना विचारले तर उत्तर ठरलेले असते : सायकलवर पाठवायला भीती वाटते. म्हणजे रस्त्याच्या भीतीने मूल बेकायदा वाहनावर बसते आणि त्या वाहनाच्या वेगाने रस्ता दुसऱ्या मुलासाठी आणखी भीतीचा होतो. हे चक्र पालकांना समज देऊन थांबणार नाही. ते रस्त्यावर थांबवावे लागेल.

सायकलस्वारांनी काळजी घ्यावी, असे दर वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात सांगितले जाते. सांगावेच. पण काळजी म्हणजे नेमके काय, हे एकदा जवळून पाहिले की अडचण कुठे आहे तेही कळते.

सायकल शिकवताना जाणकार सर्वांत आधी सांगतात की रस्त्याच्या कडेला चिकटून चालवू नये. कडेला वाळू आणि खडी साचते, तिथे ब्रेक लावला की चाक घसरते. गटाराच्या चेंबरची झाकणे रस्त्यापेक्षा दोन बोटे वर नाहीतर दोन बोटे खाली असतात. काही जाळ्यांच्या पट्ट्या चाकाच्याच दिशेने बसवलेल्या असतात आणि सायकलचा अरुंद टायर त्यांत अलगद उतरतो. त्यातच कडेला उभ्या केलेल्या मोटारी. मोटार डावीकडे उभी असली की ड्रायव्हरचा दरवाजा उजवीकडे, म्हणजे थेट सायकलच्या वाटेत उघडतो. दरवाजा हँडलला लागतो, सायकलस्वार उजवीकडे फेकला जातो आणि मागून येणाऱ्या वाहनापुढे पडतो. म्हणून उभ्या मोटारींपासून किमान एक मीटर अंतर ठेवून सरळ रेषेत चालवावे, दोन मोटारींमधली मोकळी जागा दिसली म्हणून आत-बाहेर करू नये. मोटारवाल्याने दरवाजा डाव्या हाताने उघडायची सवय लावली तर त्याचे अंग आपोआप वळते आणि नजर मागे जाते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एका मिनिटात शिकवता येईल असा हा धडा आहे.

आता दांडिया बाजारातून निघून अकोटा पुलाकडे जाणारी मुलगी डोळ्यांसमोर आणावी. ती शिकवल्याप्रमाणे कडेपासून मीटरभर आत चालते आहे. मागून हॉर्न वाजतो. मग दुसरा. एक स्कूटर कोपराला घासून पुढे जाते, रिक्षावाला ‘साइडमां चाल’ असे ओरडतो. चौथ्या दिवशी मुलगी कडेला सरकते, तिथे वाळू आहे, चेंबर आहे, दरवाजा आहे. तिने शिकलेले सगळे बरोबर होते. रस्त्याने तिला ते पाळू दिले नाही.

चौकाचौकांत आणि सर्कलवर धोका वेगळा असतो. बस किंवा ट्रक डावीकडे वळतो तेव्हा त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या बरेच आतून जाते. ड्रायव्हरच्या केबिनमधून डाव्या अंगाची खालची जागा जवळजवळ दिसत नाही. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकायचा मोह सायकलवाल्याला होतो, आणि तोच जिवावर बेततो. त्याच्या मागे थांबावे, किंवा ड्रायव्हरशी नजरानजर होईल इतके पुढे उभे राहावे. हे मुलांना शिकवता येते. पण अमितनगर किंवा गेंडा सर्कलसारख्या मोठ्या वर्तुळात, जिथे प्रत्येक फाट्यावर वाहने सायकलच्या पुढून डावीकडे कापून बाहेर पडतात, तिथे बारा-तेरा वर्षांच्या मुलाने कुणाच्या नजरेला नजर द्यायची?

दिव्यांचे थोडक्यात. जुन्या मुंबई राज्यातल्या अनेक शहरांत सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, आणि अंधार पडल्यावर दिवा नसला की पोलीस खाली उतरवत. डायनॅमोची घरघर ज्यांनी ऐकली आहे त्यांना ते आठवत असेल. आता बिल्ला गेला, डायनॅमोही गेला आणि त्यांच्याबरोबर दिवा बाळगायची शिस्तही गेली. पुढे पांढरा आणि मागे लाल असे एलईडी दिवे काही शे रुपयांत मिळतात. सरकारी योजनेतल्या प्रत्येक सायकलीबरोबर ते मिळावेत, हेल्मेटही मिळावे. हेल्मेटने डोक्याच्या गंभीर इजेचा धोका निम्म्याहून अधिक कमी होतो, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. मात्र हेल्मेट उपयोगी पडते ते धडक झाल्यानंतर. आपल्याला धडकच टाळायची आहे.

आणि धडकेचा हिशेब वेगावर ठरतो.

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीपुढे कुणी अचानक पडले, तर ड्रायव्हरला भान येऊन, ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबायला कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर लागतात. ताशी ५० च्या वेगाने सुमारे २८ मीटर. फरक दुपटीचा दिसतो, पण खरी गोष्ट त्याहून भयंकर आहे. ताशी ५० वेगाची मोटार एका सेकंदात जवळपास १४ मीटर जाते, आणि ड्रायव्हरला धोका ओळखून ब्रेक दाबायला तेवढा एक सेकंद लागतोच. म्हणजे पहिली मोटार जिथे थांबलेली असते, तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. खड्ड्यात चाक जाऊन पडलेल्या मुलीला पहिली मोटार स्पर्शही करत नाही. दुसरी पूर्ण वेगाने येऊन आदळते. चालक दोन्हीकडे सारखाच सावध होता, आणि मुलगीही तीच.

केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीत मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० ही कमाल मर्यादा ठेवली आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या ११२ व्या कलमाने ठरावीक रस्त्यांवर ती खाली आणण्याचा अधिकार राज्य शासनाला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला दिला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम इथे जगभरच्या मंत्र्यांनी केलेल्या जाहीरनाम्यात, जिथे पादचारी आणि सायकली मोटारींबरोबर मिसळतात तिथे ताशी ३० हीच मर्यादा असावी, असे म्हटले आहे. रावपुरा, वाडी, दांडिया बाजार, मांडवीभोवतालचे पोळांचे रस्ते, शाळांसमोरचे सगळे रस्ते या वर्णनात बसतात. गर्दीच्या वेळी तिथे कुणी तीसच्या वर जातही नाही. धोका असतो तो पहाटेचा, दुपारचा आणि रात्रीचा, रस्ता मोकळा सापडतो तेव्हाचा. १३ मार्च २०२५ च्या रात्री कारेलीबागेत भरधाव मोटारीने दुचाकीस्वारांना उडवले, एका महिलेचा जीव गेला, अनेक जण जखमी झाले. ती होळीची रात्र होती. शहर अजून ती विसरलेले नाही.

देशपातळीवरचे आकडे पाहिले तर रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली, त्यांत साधारण ४,८०० सायकलस्वार होते. हे सायकलस्वार बहुतेक कोण असतात, हेही ध्यानात घ्यायला हवे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात असल्याची नोंद झाली. बडोद्यात पहाटे मकरपुरा जीआयडीसीच्या वाटेवर उभे राहिले की ती नोंद डोळ्यांना दिसते. कॅरिअरला क्लिपखाली डबा, हँडलला पाण्याची बाटली, अंगावर कारखान्याचा शर्ट. पेपर टाकणारी मुले, पाववाले, सायकलच्याच चाकावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे. पाळी रात्री सुटली की यांतलेच कितीतरी जण दिव्याविना अंधारातून घरी परततात. सायकल मार्गांची चर्चा निघाली की रविवारी सकाळी हौसेने फिरणाऱ्यांचे चेहरे पुढे येतात. त्यांचाही रस्त्यावर हक्क आहे. पण ज्यांना दुसरे वाहन परवडतच नाही, त्यांच्या वेळा आणि त्यांच्या वाटा आखणीत आधी यायला हव्यात.

आता महापालिकेच्याच एका यशाची आठवण. केंद्रीय गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०२० मध्ये ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ ही स्पर्धा सुरू केली. शंभराहून अधिक शहरांनी नावे नोंदवली, सायकलसाठी तात्पुरत्या मार्गांच्या चाचण्या घेतल्या, लोकांची मते जमवली. २०२१ मध्ये अकरा शहरे विजयी ठरली. त्यांत नागपूर होते, पिंपरी-चिंचवड होते, सुरत आणि राजकोट होते, आणि वडोदरा होते. काम पुढे नेण्यासाठी प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. बडोदेकरांना या गोष्टीचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. म्हणूनच विचारायचे आहे : त्या चाचण्यांतून पालिकेला काय कळले, पुढचा आराखडा कोणता, त्यातले किती काम झाले आणि किती बाकी आहे? हे सारे एका पानावर गुजराती, मराठी आणि हिंदीत छापून प्रत्येक वॉर्ड कचेरीत लावता येईल.

पुण्याचा धडा इथे कामी येईल. एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याने डिसेंबर २०१७ मध्ये ८२४ किलोमीटरच्या जाळ्याचा सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. कागदावर असा आराखडा देशात क्वचितच सापडेल. प्रत्यक्षात तिथले ट्रॅक तुकड्यातुकड्यांत राहिले. दोनशे मीटर रंगीत पेव्हिंग ब्लॉक, मग सोसायटीचे फाटक, मग विजेचा डीपी, मग उभ्या मोटारी, मग भाजीची हातगाडी. सायकलवाला दर मिनिटाला ट्रॅकवरून उतरतो आणि पुन्हा चढतो. शेवटी कंटाळून मोटारींच्या रस्त्यानेच जातो. मग ‘ट्रॅक बांधले तरी कुणी वापरत नाही’ असा शेरा मारायला सगळे मोकळे. साखळीची एक कडी निसटली की सायकल जागची हलत नाही, आणि मार्गाचेही तसेच आहे.

स्पेनमधल्या सेव्हिलने उलट केले. २००६-०७ च्या सुमारास त्यांनी तुकडे न पाडता जवळपास ८० किलोमीटरचे एकमेकांना जोडलेले मार्ग एका झपाट्यात बांधले, बहुतेक ठिकाणी पार्किंगची जागा काढून घेऊन. जिथे सायकल नावापुरती उरली होती, तिथे काही वर्षांत ती रोजच्या वाहतुकीचा ठळक भाग झाली. सेव्हिलचे नाव मुद्दाम घ्यायचे कारण असे, की तिथे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. ‘आपल्या उन्हात कोण सायकल चालवणार’ हा आक्षेप त्यांच्याकडेही होता. बडोद्यात तर सावलीचा नमुना तयारच आहे. अकोटा-दांडिया बाजार पुलावर सोलर पॅनेलचे छत आहे, शहर त्याला सोलर ब्रिज म्हणूनच ओळखते. दुपारी त्या छताखालून सायकल नेणाऱ्याला सावलीची किंमत विचारावी. झाडे लावायला तर पॅनेलइतकाही खर्च येत नाही.

सुरुवात कुठून करावी? एक सूचना आहे. २५ डिसेंबर २०२२ ला गेंडा सर्कल ते मनीषा चोकडी हा साडेतीन किलोमीटरचा अटल पूल खुला झाला. लांबची वाहने वर गेली आहेत. खालचा रस्ता सलग आहे, त्याच्या दोन्ही अंगांना शाळा, क्लास, दवाखाने, दुकाने आहेत. इथे दोन्ही बाजूंना सायकलसाठी दीड-दोन मीटरची पट्टी उंच कडेने वेगळी काढावी. नुसती रंगवलेली पट्टी दुसऱ्या दिवशी पार्किंग होते, हे आता साऱ्या देशाला कळले आहे. सायकल ट्रॅकवर किंवा फुटपाथवर मोटार वाहन चालवायला नियमांत मनाईच आहे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. क्रेन आणि पावती-पुस्तक पुरेसे आहे, ते मात्र महिनाभर रोज लागते.

पावसाळ्याचा विषय निघाल्याशिवाय बडोद्याच्या रस्त्यांवरचे पत्र पुरे होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीची पातळी ३७ फुटांवर गेली, निम्मे शहर पाण्यात होते. पाणी ओसरले आणि खाली रस्ता उरला नव्हता. पूर नसलेल्या वर्षीही पहिल्या मोठ्या पावसात कुठे ना कुठे भुवा पडतोच. जुनी ड्रेनेज लाइन गळते, खालची माती वाहून जाते आणि वरचा डांबराचा थर एका रात्रीत आत बसतो. मोटारीचे चाक आदळून निघते. सायकलचे पुढचे चाक गेले की माणूस हँडलवरून डोक्यावर पडतो. भुव्याभोवती चार बॅरिकेड लावली जातात, पण ती कडेला ढकलून ठेवलेली असतात आणि रात्री त्यांवर दिवा नसतो. चमकणारी पट्टी आणि लुकलुकणारा लाल दिवा प्रत्येक बॅरिकेडला हवा, रस्ता खोदणाऱ्या कंत्राटदाराच्या बॅरिकेडलासुद्धा. मोकाट गुरांबद्दल वेगळे लिहिण्यासारखे बरेच आहे. इथे इतकेच, की रात्री रस्त्याच्या मधोमध बसलेली काळी म्हैस दिव्याविना सायकलवाल्याला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही.

यातले काहीच पालिकेच्या मर्जीवर सोडलेले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले १९८अ कलम सांगते की रस्त्याची रचना, बांधणी आणि देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला, सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्याच दुरुस्तीतल्या १३८(१अ) कलमाखाली पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना मिळाला. वर्षे गेली, नियम होईनात, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ते सहा महिन्यांत करायला सांगितले. गांधीनगरला पाठवायच्या सूचनांमध्ये बडोद्याचा अनुभव असला पाहिजे. तो अनुभव पंक्चरवाल्यांकडे, शाळेच्या शिपायांकडे, एसएसजी इस्पितळाच्या अपघात विभागाकडे आहे. कुणीतरी जाऊन विचारायचे बाकी आहे.

पोलीस आयुक्तांनाही एक विनंती. वाहतूक शाखेने सायकलच्या अपघातांची नोंद ठिकाण, वेळ आणि कारण यांसह वेगळी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी महापालिकेच्या रस्ते विभागाला द्यावी. एकाच वळणावर तीन अपघात झाले तर चूक वळणाची धरावी आणि अभियंत्याला तिथे पाठवावे.

नवे शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होईल. त्याआधी प्रत्येक झोनमधल्या निदान एका शाळेभोवतीच्या रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा, उंचावलेली क्रॉसिंग आणि शाळा सुटण्याच्या वेळी पार्किंगला बंदी, एवढे तरी करून दाखवावे. अंदाजपत्रकात सायकल मार्गांसाठी वेगळे शीर्ष ठेवावे आणि स्थायी समितीपुढे त्याचा हिशेब यावा. तयारीची पाहणी मोटारीतून न करता रस्ते विभागाचा अभियंता आणि वाहतूक शाखेचा अधिकारी या दोघांनी सायकलवरून करावी, शाळेच्या वेळी, सकाळी पावणेसात ते साडेसात. दिवस कळवला तर त्या वाटेवर रोज जाणारी मुले आणि त्यांचे पालक बरोबर यायला तयार होतील, कुठला चेंबर चुकवायचा ते त्यांना पाठ आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक बडोदेकर